क्रेटाला स्नो चेन: कशी लावायची, कधी लावायची आणि कधी सरळ टॅक्सी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की २२ डिसेंबरला पुण्याहून स्वतःची क्रेटा घेऊन निघणार, बरोबर मिसेस, दोन मुलं आणि आई, मनालीत चार दिवस मुक्काम, त्यातला एक दिवस अटल टनेल ओलांडून सिस्सूला बर्फ बघायला जायचं. चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायची साखळी, ऑनलाइन मागवून झालीये, आता ती पुढच्या चाकांना लावायची की मागच्या, कुठून लावायची, आणि आपल्याला जमेल का की तिथल्या पोरांकडून लावून घ्यावी. मी मूळचा साताऱ्याचा, गेले सोळा हिवाळे मनाली-लाहौल पट्ट्यात आपल्याकडच्या लोकांच्या गाड्यांबरोबर पुढे गाडी घेऊन फिरतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पुढच्या चाकांना. क्रेटा पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी आहे, इंजिनाची ताकद जिथं जाते तिथं चेन. सेल्टॉस, नेक्सॉन, ब्रेझा, अर्टिगा, स्विफ्ट, हॅरियर सगळ्या याच जातीच्या. बोलेरो, साधी स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा या मागच्या चाकांवर ढकलणाऱ्या, त्यांना मागे. हे सांगायची गरज नाही असं वाटेल पण मनालीहून टनेलकडे जाताना लागणाऱ्या सोलंगच्या रस्त्यावर दर सीझनला मी दोन-तीन तरी गाड्या बघतो ज्यांनी सेल्टॉसच्या मागच्या चाकांना छान घट्ट चेन बांधलेली असते आणि पुढची चाकं जागेवर गरगर फिरत असतात. फोर बाय फोर असेल तर गाडीचं मॅन्युअल काय म्हणतंय ते बघायचं, आणि शक्य असेल तर चारही चाकांना.

आता जी गोष्ट कोणी सांगत नाही ती. लोक चेन घेतात चढायला. गाडी वर जात नाही, चाक फिरतंय, आणा चेन. पण चेनची खरी गरज असते उतरताना आणि थांबताना. साधा हिशोब बघा. कोरड्या डांबरावर ४० च्या स्पीडला जोरात ब्रेक मारला तर गाडी ९-१० मीटरमध्ये उभी राहते. दाबून बसलेल्या बर्फावर त्याचेच २५ मीटर होतात. आणि काचेसारखा गोठलेला रस्ता असेल तर साठच्या पुढे. हे सगळं सपाट रस्त्यावर हं. दहाला एक असा उतार असेल, म्हणजे घाटात असतो तसा नेहमीचा, तर गोठलेल्या रस्त्यावर गाडी थांबतच नाही, ब्रेक दाबून धरला तरी आपली शांतपणे घसरत जाते, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली टरटरत राहतो आणि तुम्ही बघत राहता. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, वर चढली म्हणजे जिंकलात असं नाही, चढलेली गाडी संध्याकाळी खाली आणायची आहे.

आणि फोर बाय फोरवाल्यांनी पण हुशारी मारू नये. चार चाकं ओढतात म्हणून गाडी सुटते चांगली, पण ब्रेक तर अल्टोला पण चारच चाकांना असतात, थांबण्याच्या बाबतीत तुमची थार आणि शेजारच्याची अल्टो टायरच्या रबरावरच अवलंबून. उलट थार जड.

तुमच्या गाडीत यामुळे एक गोम आहे. चेन फक्त पुढे लावली की पुढची चाकं धरतात, मागची नाही. चढताना काही कळत नाही. उतरताना वळणावर जरा ब्रेक मारला की पुढचा भाग धरून ठेवतो आणि मागचा भाग दारासारखा उघडतो, म्हणजे गाडी फिरते. माझं मत विचाराल तर पाच माणसं आणि एक म्हातारं माणूस घेऊन जाताय तर चेनच्या दोन जोड्या घ्या, चारही चाकांना लावा. खर्च वाढेल. पण एकच जोडी असेल तर पुढेच, आणि मग उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, २० च्या आत, वळणाच्या आधीच स्पीड कमी करून, वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही.

चेन आली की पहिलं काम, खोकं उघडून साइज जुळवा. टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, तुमच्या गाडीला बहुतेक २१५/६० आर १७ असेल, खालचं मॉडेल असेल तर २०५/६५ आर १६. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा इंच. चेनच्या खोक्यावर जी यादी असते त्यात हा पूर्ण आकडा असाच्या असा पाहिजे, 'एसयूव्हीला फिट' असं लिहिलेलं चालत नाही. दुसरं, मॅन्युअलमध्ये स्नो चेनचं एक पान असतं, आपण कधी उघडत नाही, ते वाचा. चेन किती जाड चालेल ते तिथं असतं, काही गाड्यांत मोठ्या रिमच्या टायरला चेन लावूच नका असंही लिहिलेलं असतं. कारण चाकाच्या आतल्या बाजूला जागा किती आहे हा मुद्दा. स्टिअरिंग पूर्ण फिरवा आणि टायर आणि सस्पेन्शनचा दांडा यांच्यामध्ये हात घाला. माझ्या गाडीत दोन बोटं पण जेमतेम जायची. अमेरिकेत कमी जागेच्या गाड्यांसाठी 'क्लास एस' म्हणून प्रकार आहे, त्याला टायरच्या आतल्या बाजूला साधारण १५ मिलिमीटर आणि वरच्या बाजूला ३७ मिलिमीटर मोकळी जागा लागते, आणि तो कमीत कमी जागेतला प्रकार. यावरून अंदाज घ्या.

बाजारात काय काय मिळतं ते पटकन सांगतो. शिडीसारखी चेन, दोन बाजूंना दोन लांब साखळ्या आणि मध्ये आडव्या, स्वस्त, दणकट, मनालीत भाड्याने मिळते ती बहुतेक हीच, पण वळणावर बाजूला घसरायला हिचा विरोध कमी कारण साखळ्या सगळ्या आडव्याच. दुसरी शंकरपाळ्याच्या आकाराची जाळी, ही चांगली, टायरचा काही ना काही भाग कायम साखळीवर असतो, गाडी कमी हादरते. साखळीऐवजी तारेची केबल असते ती जागा कमी असलेल्या गाड्यांना बरी, पण काचेसारख्या बर्फावर पकड कमी. कापडी मोजे असतात, टायरला घालायचे, खरंच काम करतात, घालायला सगळ्यात सोपे, पण डांबरावर थोडं अंतर गेलं की फाटतात, त्यामुळे अडीअडचणीला डिकीत ठेवायला ठीक. आणि ती प्लास्टिकची पट्टी, केबल टायसारखी, जी अॅपवर सगळ्यात वर दिसते आणि रील्समध्ये दहा सेकंदात लागते, ती घेतली असेल तर परत करा. चिखलात एकदा अडकलात तर बाहेर काढेल, घाट उतरवणार नाही.

(ही कल्पना मूळची फार जुनी. अमेरिकेतल्या हॅरी वीड नावाच्या माणसाने १९०४ मध्ये चेनचं पेटंट घेतलं, लोक चिखलात टायरला दोर गुंडाळतात हे बघून म्हणे त्याला सुचलं. दोराचा तो जुगाड आजही लोक करतात. अलॉयच्या भोकातून दोर ओवायचा असेल तर ब्रेकच्या कॅलिपरला अडकत नाही ना बघा, आणि खड्ड्यातून निघाल्यावर लगेच कापून टाका.)

आता लावायची कशी. पहिल्यांदा लावायची ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये, याच रविवारी, दुपारी, चप्पल घालून. मग दुसऱ्यांदा रात्री, मोबाइलच्या टॉर्चवर, हातात रबरी मोजे घालून. हसू नका. उणे पाचला लोखंडाला हात लावला की दोन मिनिटांत बोटं बधिर होतात, हुक सापडत नाही, वरून बर्फ पडतोय, मागचा ट्रकवाला हॉर्न देतोय, आई आतून विचारतायत किती वेळ रे. त्यावेळी चेनबरोबर आलेला चिनी भाषेतला कागद उघडला तर गेलात. मी ज्यांना पुण्यात दोनदा सराव करायला लावलाय ते तिथं दोन्ही चाकं पंधरा मिनिटांत उरकतात, ज्यांनी केला नाही ते तासभर. सराव करताना गाडी पार्किंगमध्ये दहा-वीस फुटांपेक्षा जास्त हलवायची नाही, नाहीतर पेव्हर ब्लॉक उखडले म्हणून सेक्रेटरी घरी येतील.

शंकरपाळी जाळीवाली चेन असेल असं धरून सांगतो. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकाला दगड. जॅक लावायचा नाही, बर्फावर जॅक घसरतो आणि तशी गरजही नसते. चेन पिशवीतून काढून जमिनीवर पसरा, एकही कडी पिळलेली नको, मंगळसूत्राचा गुंता सोडवतो तसा शांतपणे सोडवायचा. हुकांची उघडी तोंडं टायरपासून बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत, आत राहिली तर टायरची बाजू खरवडते. मग ती जी अर्धगोल ताठ केबल असते, बहुतेक रंगीत असते, ती चाकाच्या मागून, जमिनीलगत आत सरकवायची, आणि दोन्ही टोकं चाकाच्या दोन बाजूंनी वर आणून टायरच्या डोक्यावर जोडायची. एका टोकाला बोंड असतं, दुसऱ्याला खाच, बोंड खाचेत बसलं की टक असा आवाज येतो. आवाज आला नाही तर बसलेलं नाही. जोडली की ती केबल टायरच्या डोक्यावरून मागे ढकलून द्यायची, आतल्या बाजूला पडली पाहिजे, आणि जाळी बाहेरच्या बाजूला ओढून घ्यायची. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं तर हात घालायला जागा होते.

मग बाहेरच्या बाजूचा वरचा हुक लावायचा, म्हणजे जाळी टायरवर टोपीसारखी बसते. खाली चाक जमिनीवर टेकलंय तिथं अर्थातच जाळी जाणार नाही, तिथं ती पुढे-मागे लोंबत राहील, राहू द्या. आता ताणायची साखळी, ती लॉकमधून ओढायची. हे लॉक एकाच दिशेने सरकतं, मागे येत नाही. जेवढी ओढता येईल तेवढी ओढा, उरलेलं टोक जाळीत ओवून रबराचा हुक पक्का करा. मग दुसरं चाक. मग गाडीत बसून एक-दीड चाकाचा फेरा पुढे जा, उतरा, बघा, सैल झालेली असणार, परत ओढा. मग ५०-१०० मीटर चालवा आणि तिसऱ्यांदा ओढा. हा तिसरा फेरा लोक करत नाहीत आणि सगळे घोटाळे इथंच होतात.

माझा पण झाला होता. पहिला हिवाळा, सोलंगच्या पुढे, अंधार पडत आलेला, दोनदा ओढली, म्हटलं बास, पोरं थंडीने कुडकुडतायत. निघालो. चेन बरोबर बसली असेल तर सारखा खरर्र-खरर्र असा आवाज येतो, पत्र्याच्या छपरावर पाऊस पडावा तसा एकसारखा. माझ्या गाडीतून डाव्या बाजूने टक, टक, टक असा चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारा आवाज सुरू झाला. मी गाण्याचा आवाज वाढवला, हे खरं सांगतोय. अर्ध्या किलोमीटरने डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला. उतरून बघतो तर साखळीचं सुटलेलं टोक, बोटभर लांब, दर फेऱ्याला चाकाच्या आत आपटत होतं आणि एबीएस सेन्सरची वायर कापून मोकळं झालं होतं. वायरच्या दोन इंच बाजूला ब्रेकचा रबरी पाइप. तो गेला असता तर हे उत्तर दुसऱ्या कोणाला लिहावं लागलं असतं. तेव्हापासून टक टक ऐकू आली की मी भर लग्नाच्या वरातीत पण गाडी थांबवेन.

शिडीवाली चेन भाड्याने घेतलीत तर पद्धत थोडी वेगळी, ती टायरवर चादरीसारखी टाकायची, आतलं हुक आधी, हात मागे घालून, आणि बाहेरचं नंतर, आणि वर रबराचा ताण देणारा कोळी लावायचा. कोळी दिला नाही तर मागून घ्या. भाड्याची चेन दुकानातच, दुकानासमोरच, तुमच्या चाकावर लावून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मला एकदा एका दुकानदाराने 'सब में लगता है सर' म्हणून एक साइज मोठी चेन दिली होती, शेवटी सुतळीने बांधावी लागली.

टायरची हवा चेनसाठी कमी करायची नाही. वाळूत करतात, इथं नाही, चेन सैल पडते. उलट हवा भरावी लागेल, कारण तापमान साडेपाच-सहा डिग्री उतरलं की साधारण एक पीएसआय हवा उतरते, पुण्याच्या तीस डिग्रीत भरलेली हवा मनालीच्या सकाळी पाच-सहा पीएसआयने कमी होते (उंचीमुळे गेज थोडं वर दाखवतं, तरी एकूण कमीच). मनालीत दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर गार असताना, दरवाज्याच्या चौकटीवर लिहिलंय तेवढी भरून घ्या. आणि स्टेपनी बघा, बऱ्याच गाड्यांत ती एक साइज लहान असते. पुढचं चाक पंक्चर झालं आणि तिथं लहान स्टेपनी लावली तर चेन नीट बसणार नाही. अशा वेळी मागचं पूर्ण साइजचं चाक पुढे आणायचं आणि स्टेपनी मागे. दोनदा चाक खोलावं लागतं, इलाज नाही.

कधी लावायची. मनाली सुमारे २०५० मीटरवर, टनेलचं दक्षिणेकडचं तोंड ३०६० मीटरवर आणि मनालीपासून साधारण २५ किलोमीटर. म्हणजे पंचवीस किलोमीटरमध्ये हजार मीटर चढ, खाली ऊन आणि वर गोठलेलं असं एकाच वेळी असू शकतं. डांबर दिसतंय तोवर चेन नाही, डांबरावर चेन तुटते, टायर खाते, रस्ता खाते. पण अडकल्यावर लावायची असंही नाही, ते वरातीमागून घोडं. चाक एकदा फिरून फिरून खालचा बर्फ गुळगुळीत झाला, गाडी आडवी झाली, की तिथं चेन लावायला वाकणं म्हणजे जिवाशी खेळ. पुढच्या गाड्यांच्या चाकाखाली पांढरं सलग दिसायला लागलं, किंवा वरून येणारे टॅक्सीवाले चेन लावून येतायत असं दिसलं, की पहिली रुंद सपाट जागा बघून थांबा. वळणावर नाही. चढावर दुसऱ्या गाडीच्या मागे तर अजिबात नाही, तुम्ही गुडघ्यावर बसलेले आणि वरची गाडी घसरत आली तर उठायला वेळ मिळत नाही, मी असा एक पाय मोडलेला बघितलाय. पार्किंग लाइट चारही चालू, एक माणूस रस्त्याकडे बघत उभा, मुलं गाडीच्या आत.

टनेलचा एक वेगळाच पेच आहे. ९.०२ किलोमीटर, आत रस्ता कोरडा, आणि आत थांबायला मनाई. अलीकडे बर्फ, पलीकडे बर्फ, मध्ये नऊ किलोमीटर कोरडं. काढून लावायला सांगायला सोपं आहे, पण दोन्ही तोंडांशी गर्दी असते आणि पोलिस थांबू देत नाहीत. मी काय करतो, आधी जागा मिळाली तर काढतो, नाही तर डाव्या बाजूने तीस-पस्तीसच्या स्पीडने, लाइट लावून, शांतपणे आत जातो आणि पलीकडे पहिल्या जागेत उतरून चेनची एकेक कडी तपासतो, घासून पातळ झाली असेल तर दिसते. ओव्हरटेक करणारे हॉर्न मारतात, मारू दे. आत चेन तुटलीच तर दर १५० मीटरला फोन आहे, तो वापरा, स्वतः उतरून खटपट नको. आणि पलीकडच्या तोंडाशी सावध. आत उबदार, कोरडं, पाय मोकळा सुटलेला, आणि बाहेर पडल्या पडल्या वितळून परत गोठलेल्या पाण्याचा पातळ थर. तो काळाच दिसतो, ओलं डांबर वाटतं. गाडीच्या चाकांचा आवाज एकदम बंद झाला तर समजा तुम्ही त्याच्यावर आहात. स्टिअरिंग सरळ, पाय दोन्ही पेडलवरून बाजूला, आपोआप कमी होऊ द्या.

चालवताना चेनसह ४० च्या वर कधीच नाही, ५० ही वरची मर्यादा खोक्यावर लिहिलेली असते ती लिहिण्यापुरती. सुटताना दुसरा गिअर, क्लच लोण्यासारखा. गाडी जागची हलत नसेल आणि इंजिन आपोआप दम सोडत असेल तर ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद करून बघा, तो चाक फिरताना बघून ताकद कापतो. निघालात की परत चालू. तुमची ऑटोमॅटिक असेल तर स्नो मोड असेल, वापरा, पण तो टायरला दात आणून देत नाही. आपल्याकडचे टायर कडक रबराचे, उन्हाळ्यासाठीचे, सात डिग्रीच्या खाली ते आणखी कडक होतात, बाजूवर 'एम प्लस एस' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, खऱ्या बर्फाच्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा कण असं चित्र असतं आणि ते आपल्याकडे शोरूममधून येत नाही. मागचा भाग सुटला तर ब्रेक सोडायचा आणि मागचा भाग ज्या बाजूला चाललाय त्याच बाजूला स्टिअरिंग, थोडंसं. पुढचा सुटला तर स्टिअरिंग जास्त वळवू नका, उलट थोडं सरळ करा म्हणजे परत धरेल.

वेळेचं गणित या सगळ्यापेक्षा मोठं. दुपारी ऊन लागून रस्त्यावर पाणी वाहतं, तीन-साडेतीनला सूर्य डोंगराआड गेला की त्याच पाण्याची काच होते. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ उणे पंधराच्या कडक बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण वर पाण्याचा पातळ पदर असतो. सकाळी नऊच्या आधी निघायचं नाही, रात्रीचा गोठलेला रस्ता असतो, आणि दोनच्या आत टनेलच्या अलीकडे परत. २०२४ मध्ये २३ डिसेंबरला बर्फ पडला तेव्हा सोलंग आणि टनेलच्या मध्ये सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या, लोक तासन् तास गाडीत. त्यांच्यात चेनवालेही होतेच. समोर आडवा झालेला टेम्पो ट्रॅव्हलर असेल तर तुमच्या चेनचं लोणचं घालायचं का? म्हणून टाकी अर्ध्याच्या खाली नको, खायला, पाणी, आईंची गोळ्यांची पिशवी डिकीत नाही, पुढे पायाशी. अडकून बसलात आणि इंजिन चालू ठेवायचं असेल तर मधूनमधून उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढायचा, नाहीतर धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो.

तिथल्या पोरांकडून लावून घ्यायची का, तर घ्या, खुशाल घ्या, ती पोरं आपल्यापेक्षा भारी आहेत आणि त्यांचं पोट आहे त्यावर. फक्त शेजारी उभं राहून हुकाची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते बघा, आणि शंभर मीटरवरचा ताण तुम्हालाच द्यायचाय, पोरगा तिथं नसेल.

आणि शेवटी, तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. जोराचा बर्फ पडला की पोलिस नेहरू कुंड किंवा सोलंगलाच गाड्या अडवतात आणि पुढे फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्याच सोडतात. तुमच्याकडे चेन आहे म्हणजे ते सोडतील. पण पहिल्यांदाच बर्फात चालवताय, चेन एकच जोडी, मागे आई बसल्यात, आणि बर्फ अजून पडतोच आहे, असं सगळं एकत्र आलं तर क्रेटा हॉटेलवर ठेवा आणि लोकल फोर बाय फोर टॅक्सी करा. तो ड्रायव्हर त्या वळणांवर लहानाचा मोठा झालाय. आदल्या दिवशी बर्फ पडून गेला, आकाश निळं झालं, रस्ता साफ केला, की मग तुमच्या गाडीने जा, चेन डिकीत ठेवून, आणि लागलीच तर लावा. मी स्वतः माझ्या आईला पहिल्यांदा नेलं तेव्हा टॅक्सीनेच नेलं होतं, आणि मागच्या सीटवर बसून पहिल्यांदा तो रस्ता नीट बघितला.

परत आल्यावर चेन तशीच पिशवीत कोंबू नका. हॉटेलच्या अंगणात बादलीभर साध्या पाण्यात खळबळून, पुसून, रात्रभर हीटरच्या खोलीत पेपरवर पसरून ठेवा, घरी आल्यावर कड्यांना थोडं इंजिन ऑइल. ओली ठेवली तर पुढच्या वर्षी एकच गंजलेला गोळा निघतो. सराव करताना कुठं अडलात तर चाकाचा बाहेरून आणि आतून असे दोन फोटो पाठवा, आतला महत्त्वाचा, मोबाइल चाकामागे घालून काढा.